पडद्याचं ऑपरेशन आणि स्टेरॉइडचं इंजेक्शन



आज आपण डोळ्याच्या पडद्याच्या ऑपरेशनविषयी बोलणार आहोत, आणि त्या ऑपरेशनात वापरल्या जाणाऱ्या स्टेरॉइडच्या इंजेक्शनविषयी. विषय ऐकून कुणी म्हणेल, हे तर डॉक्टरांचं काम, आपल्याला काय करायचंय? पण घरात सासूबाईंना, आईला किंवा नवऱ्याला शुगर असेल, तर हा प्रसंग कधीही दारात येऊन उभा राहतो. मोठ्या दवाखान्यात डॉक्टर सांगतात, "पडद्याचं ऑपरेशन करावं लागेल, त्यात स्टेरॉइड वापरू, या कागदावर सही करा." मग बाहेरच्या बाकावर कुजबुज सुरू होते. कुणी म्हणतं, स्टेरॉइडने हाडं ठिसूळ होतात. कुणी म्हणतं, अंग सुजतं, शुगर वाढते. कुणी शेजारच्या गावातलं ऐकीव काहीतरी सांगतं. आणि पेशंटला घेऊन मंडळी एसटीत बसून घरी परततात.

हा परतीचा प्रवास फार महाग पडू शकतो. पडद्याच्या काही आजारांत थोड्या दिवसांचा उशीरही नजर घेऊन जातो. याउलट काही घरांत ऑपरेशन होतं, पट्टी निघते, बरं दिसायला लागतं, आणि मग पुढच्या तपासणीला कुणी जातच नाही. तेही तितकंच धोक्याचं. म्हणून आज नीट समजून घेऊ, की हे औषध कशासाठी असतं, ते काय करतं, काय करत नाही, आणि ते दिल्यानंतर घरच्यांनी काय सांभाळायचं.

पडदा म्हणजे नेमकं काय?

आधी शब्दांचा घोळ मिटवू. आपल्याकडे मोतीबिंदू झाला तरी "डोळ्यावर पडदा आला" म्हणतात. आज बोलतोय तो पडदा वेगळा. तो डोळ्याच्या आत, अगदी मागच्या बाजूला असतो. डॉक्टर त्याला रेटिना म्हणतात. डोळ्यात शिरलेला उजेड या पडद्यावर पडतो आणि तिथून नसेवाटे मेंदूला खबर जाते. मोतीबिंदू काढून नवीन भिंग बसवता येतं, पण पडदा नवीन बसवता येत नाही. आहे तोच जपावा लागतो.

आपला डोळा साधारण मोठ्या बोराएवढा. समोरचं भिंग आणि मागचा पडदा यांच्यामध्ये जी पोकळी आहे, ती एका स्वच्छ, काचेसारख्या गराने भरलेली असते. ताडगोळा सोलल्यावर आत जसा लुसलुशीत, आरपार दिसणारा गर असतो, काहीसा तसा. हा गर जवळपास सगळा पाण्याचाच, आणि भरतो चहाच्या चमच्यापेक्षा थोडा कमी, सुमारे ४ मिलिलिटर.

लहानपणी हा गर घट्ट असतो आणि पडद्याला चिकटलेला असतो. वय वाढतं तसा तो पातळ होतो आणि पडद्यापासून हळूहळू सुटतो. बहुतेकांच्या बाबतीत काही बिघडत नाही. पण काहींच्या डोळ्यात तो सुटताना पडद्याला ओढतो आणि पडदा फाटतो. त्या फटीतून पाणी मागे शिरतं, आणि भिंतीला ओल आल्यावर चिकटवलेला कागद सुटावा तसा पडदा सुटत जातो. यालाच पडदा सरकणं म्हणतात.

शुगरच्या पेशंटचं दुखणं निराळ्या वाटेने येतं. बरीच वर्षं शुगर वाढलेली राहिली, की पडद्यातल्या बारीक रक्तवाहिन्या खराब होतात. त्यातून पाणी झिरपून पडद्याला सूज येते. पुढे नव्या, पण फार नाजूक वाहिन्या उगवतात. त्या फुटल्या की त्या स्वच्छ गरात रक्त पसरतं आणि समोरचं सगळं गढूळ होतं. त्यांच्यासोबत चिवट जाळीही तयार होते आणि ती पडद्याला ओढून धरते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार आपल्या देशात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे. त्या मानाने बघितलं तर हे दुखणं आपल्यापासून लांब नाही.

हे ऑपरेशन कसं करतात?

रक्ताने गढूळ झालेला किंवा पडद्याला ओढणारा गर काढून टाकायचा, जाळी सोडवायची आणि पडदा परत जागेवर बसवायचा, हे या ऑपरेशनचं काम. त्याचं नाव व्हिट्रेक्टॉमी. डॉ. रॉबर्ट मॅकेमर यांनी अमेरिकेत मायामी इथे १९७० मध्ये डोळा मोठा न उघडता, बारीक छिद्रातून हे ऑपरेशन करून दाखवलं. त्याआधी गर कापून ओढून घेणाऱ्या यंत्राचा सराव त्यांनी अंड्याच्या पांढऱ्या भागावर केला होता. कारण तोही तसाच चिकट आणि आरपार दिसणारा.

आज डोळ्याच्या पांढऱ्या भागात साधारण अर्ध्या मिलिमीटरची तीन छिद्रं करतात. एकातून पाणी आत सोडतात, म्हणजे डोळा चपटा होत नाही. दुसऱ्यातून दिवा घालतात. तिसऱ्यातून ते बारीक कटर, जे मिनिटाला हजारो वेळा चालतं आणि गर कापत कापत ओढून घेतं. बहुतेक वेळा डोळ्याच्या बाजूला भुलीचं इंजेक्शन देऊन हे काम होतं. पेशंट जागा असतो, पण दुखत नाही.

मग स्टेरॉइड कशाला?

खरी अडचण अशी की काढायचा आहे तो गर आरपार दिसणारा, आणि डोळ्यात सोडलेलं पाणीही आरपार दिसणारं. पाण्यात काच शोधण्यासारखं काम. गराचा पातळ थर पडद्याला चिकटून मागे राहिला, तर डॉक्टरांना तो दिसतच नाही. आणि तो राहणं चांगलं नाही. त्याच थराच्या आधाराने पुढे पुन्हा जाळी धरते, ती आकसते, आणि बसवलेला पडदा परत ओढला जातो. म्हणजे पुन्हा ऑपरेशन.

आता पिठाची गिरणी डोळ्यांसमोर आणा. एरवी घराच्या कोपऱ्यातलं कोळिष्टक चटकन दिसत नाही. पण गिरणीत उडालेलं पीठ त्यावर बसतं, आणि धागा न धागा पांढराशुभ्र दिसतो. इथे नेमकं हेच करतात. ट्रायमसिनोलोन नावाचं एक स्टेरॉइड आहे. ते पाण्यात विरघळत नाही. पांढऱ्या बारीक कणांच्या रूपात राहतं आणि बाटली हलवून वापरावं लागतं. ऑपरेशन चालू असताना ते थोडंसं डोळ्यात सोडलं, की कण त्या गराला चिकटतात. जिथे गर उरला आहे तिथे पांढरं दिसतं, आणि डॉक्टर तेवढंच नेमकं सोलून काढतात. पडद्याला उगाच धक्का लागत नाही.

डॉ. घोलाम पेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही युक्ती २००० मध्ये वैद्यकीय मासिकात मांडली. २००७ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या कामासाठी खास बनवलेल्या ट्रायमसिनोलोनला मान्यता दिली. आपल्या देशात मदुराईच्या ऑरोलॅबसारखी संस्थाही डोळ्यासाठीचं हे औषध बनवते. डोळ्यासाठीचं वेगळं का, तर सांध्यात देण्याच्या औषधात ते टिकावं म्हणून जे द्रव्य घालतात, ते पडद्याला मानवत नाही.

या कामासाठी लागणारं औषध १ ते ४ मिलिग्रॅम, म्हणजे चिमटीतही मावणार नाही इतकं. आणि दाखवण्याचं काम झालं, की त्यातलं बहुतेक औषध गरासोबतच बाहेर ओढून घेतलं जातं. दम्यासाठी किंवा सांध्यांसाठी रोज, महिनोन्‌महिने घ्यायच्या गोळ्या आणि हे, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. हाडं ठिसूळ होणं, तोंड सुजणं हे त्या लांबलेल्या गोळ्यांचे परिणाम. ती भीती इथे आणून ऑपरेशन टाळू नका.

त्याच औषधाचं दुसरं काम

पण मैत्रिणींनो, इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. स्टेरॉइड सूजही उतरवतं. म्हणून काही पेशंटच्या डोळ्यात ऑपरेशनच्या शेवटी ते मुद्दाम आत ठेवतात, किंवा पडद्याची सूज उतरत नसेल तर नंतर इंजेक्शन देतात. काही वेळा डेक्सामेथासोन नावाच्या स्टेरॉइडची बारीक कांडी डोळ्यात बसवतात. ती काही महिने हळूहळू विरघळत राहते.

म्हणजे औषध एक, कामं दोन. एक, डॉक्टरांना गर दाखवायचा आणि बाहेर काढायचं. दुसरं, आत ठेवून सूज उतरवायची. आत राहिलेल्या औषधाचे परिणाम जास्त दिवस सांभाळावे लागतात. म्हणून सही करण्याआधी डॉक्टरांना एकच प्रश्न जरूर विचारा: "डॉक्टर, हे स्टेरॉइड ऑपरेशनपुरतं वापरणार, की डोळ्यात ठेवणार?" या उत्तरावर पुढची सगळी काळजी ठरते.

आणखी एक. शुगरच्या पेशंटला ऑपरेशनच्या काही दिवस आधी डोळ्यात एक इंजेक्शन देतात, नाजूक वाहिन्या आकसाव्यात आणि रक्तस्राव कमी व्हावा म्हणून. ते बहुधा स्टेरॉइड नसतं, वेगळं औषध असतं. डोळ्यात सुई म्हणजे स्टेरॉइडच, असं समजू नका. नाव विचारा आणि फाइलमध्ये लिहून घ्या.

स्टेरॉइड काय करत नाही?

हे जादूचं औषध नाही. डोळ्याला मोठी इजा झाल्यावर पडद्यावर चिवट जाळी धरते. सूज उतरवणारं औषध दिलं तर ती जाळी धरणार नाही, अशी डॉक्टरांना आशा होती. ब्रिटनमध्ये २८० पेशंटवर याची रीतसर चाचणी झाली. निम्म्यांना ऑपरेशनच्या वेळी ट्रायमसिनोलोन दिलं, निम्म्यांना नेहमीचेच उपचार. दोन्ही गटांच्या नजरेत म्हणावा असा फरक पडला नाही. म्हणून आपण असं म्हणू, की स्टेरॉइड हे ऑपरेशनचं मदतनीस आहे. पडदा बसवतो तो डॉक्टरांचा हात, आणि टिकवते ती वेळेवर केलेली धाव, ताब्यात ठेवलेली शुगर आणि नंतरची देखभाल.

डॉक्टरांना आधीच काय सांगायचं?

घरात कुणाला काचबिंदू आहे का, ते सांगा. पेशंटला आधी कधी स्टेरॉइडच्या थेंबांनी डोळ्याचा दाब वाढला असेल, तर सांगा. क्षयरोगाचा उपचार चालू असेल किंवा पूर्वी झाला असेल, डोळ्यात पूर्वी नागीण किंवा दुसरा काही संसर्ग झाला असेल, तर सांगा. कारण संसर्ग असलेल्या डोळ्यात स्टेरॉइड गेलं तर संसर्ग बळावतो. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर तेही सांगा, पण त्या आपल्या मनाने बंद करू नका. लाज वाटते म्हणून, किंवा ऑपरेशन रद्द होईल म्हणून काही लपवू नका.

ऑपरेशननंतर काय सांभाळायचं?

पहिली गोष्ट, डोळ्याचा दाब. स्टेरॉइड आत ठेवलं असेल तर बऱ्याच पेशंटचा, साधारण तिघांत एकाचा, दाब पुढच्या काही आठवड्यांत किंवा महिन्यांत वाढतो. आणि हा दाब बहुतेक वेळा दुखत नाही, खुपत नाही. पेशंट म्हणतो, मला बरं आहे. आतल्या आत मात्र डोळ्याची नस सुकत जाते, आणि सुकलेली नस परत हिरवी होत नाही. वेळेत कळलं तर बहुतेकांचा दाब थेंबांनी आटोक्यात येतो. म्हणून दाखवण्याची तारीख चुकवायची नाही. लावणी असो, कापणी असो, घरात लग्न असो. ती तारीख कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून ठेवा.

दुसरी गोष्ट, मोतीबिंदू. स्टेरॉइडने तो लवकर पिकतो, आणि पडद्याच्या ऑपरेशननेही पिकतो. वर्ष-दोन वर्षांत मोतीबिंदूचं ऑपरेशन करावं लागलं, तर पहिलं ऑपरेशन बिघडलं असं समजू नका.

तिसरी गोष्ट, संसर्ग. तो क्वचित होतो, पण झाला तर नजर घेऊन जातो. पहिल्या काही दिवसांत दुखणं वाढत गेलं, डोळा जास्त लाल झाला, दिसणं कमी झालं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. सकाळची वाट बघू नका. औषध आत ठेवलं असेल तर काही दिवस डोळ्यासमोर पांढरे कण किंवा धुरकट ठिपके तरंगताना दिसतात. न दुखता तेवढंच दिसत असेल तर घाबरू नका. औषध विरघळलं की ते जातात.

चौथी गोष्ट, डोळ्यात भरलेला वायू. पडदा दाबून धरायला पुष्कळदा डोळ्यात वायूचा फुगा सोडतात. डॉक्टर सांगतील तसं, कधी कधी पालथं झोपून किंवा मान खाली घालून काही दिवस काढावे लागतात. उशी, पाट, कसंही करून सोय लावा, पण ते पाळा. हा फुगा असेपर्यंत विमानात बसायचं नाही, आणि उंच घाट चढून जायचंही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. उंचीवर वायू फुगतो आणि डोळ्याचा दाब एकदम वाढतो. तुमचं गाव घाटावर असेल आणि दवाखाना घाटाखाली असेल, तर सुट्टी मिळण्याआधीच हे सांगा. दुसऱ्या कुठल्या ऑपरेशनसाठी भूल घ्यायची वेळ आली, तर तिथल्या डॉक्टरांनाही डोळ्यात वायू आहे हे सांगा. वायूऐवजी सिलिकॉन तेल भरलं असेल, तर ते काही महिन्यांनी सहसा काढावं लागतं. त्यासाठी पुन्हा जायचं आहे, हे विसरू नका.

मेडिकलमधले थेंब

ऑपरेशननंतर स्टेरॉइडचे थेंब देतात आणि ते हळूहळू कमी करत बंद करायचे असतात. बाटली संपली म्हणून अर्ध्यावर सोडू नका, आणि बरं वाटतं म्हणून महिनोन्‌महिने घालतही राहू नका. आपल्याकडे डोळा लाल झाला, खाज आली, की मेडिकलमधून थेंब आणतात. त्यांत कधी कधी स्टेरॉइड असतं. लाली लगेच जाते, म्हणून तेच थेंब लेकराच्याही डोळ्यात घालतात. अशाने काचबिंदू आणि मोतीबिंदू दोन्ही ओढवून घेतले जातात. म्हणजे जे औषध ऑपरेशनच्या टेबलावर, डॉक्टरांच्या देखरेखीखाली मदतीला येतं, त्याचीच आपण घरात, कुणाला न विचारता, भीती बाळगत नाही. हे उलटं आहे. एकाची उरलेली बाटली दुसऱ्याच्या डोळ्यात कधीच नको.

गटाच्या पुढच्या बैठकीत

आता आपल्या बचत गटाने काय करायचं? पुढच्या बैठकीत हप्ते जमा झाले, की वहीचं एक पान यासाठी ठेवा. आपल्या घरांत शुगर कुणाकुणाला आहे, आणि बाहुली मोठी करणारं औषध घालून पडदा शेवटचा कधी तपासला, ते लिहा. शुगर असेल तर वर्षातून एकदा ही तपासणी हवीच, नजर चांगली असली तरी. आधीपासून शुगर असलेल्या सुनेला किंवा लेकीला दिवस गेले, तर पहिल्या तीन महिन्यांतच पडदा तपासून घ्या, कारण बाळंतपणाच्या काळात हा आजार वेगाने वाढू शकतो. कुठे जायचं ते आशाताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा. ऑपरेशनचा खर्च अंगावर आला, तर महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत ते बसतं का, हे योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्रांना आधी विचारा. रेशनकार्ड आणि आधार सोबत असू द्या.

आणि ही तीन लक्षणं सगळ्याजणींनी पाठ करा. डोळ्यासमोर एकाएकी काळे ठिपके किंवा जाळी वाढणं. अंधारातही विजेसारखे लखलखाट दिसणं. आणि एका बाजूने काळी सावली सरकत येणं. यातलं काहीही झालं, तर उद्या-परवा म्हणू नका, घरगुती काही डोळ्यात घालू नका. त्याच दिवशी डोळ्याच्या डॉक्टरांकडे निघा. पडदा मधोमध सुटायच्या आत पोहोचलात, तर नजर वाचण्याची शक्यता पुष्कळ असते.

तेव्हा स्टेरॉइड शब्द ऐकून बाकावरून उठून येऊ नका. विचारा, लिहून घ्या, सही करा, आणि नंतरची एकही तारीख चुकवू नका. आज ऐकलेलं तुमच्या जावेला, नणंदेला, शेजारणीलाही सांगा.